जावयाचं बदक

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नातवाचा ताप उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. त्याला माझ्यातर्फे एक पापा दे आणि गोड जरा कमी दे. मी बरी आहे. लेक ऑफिसच्या कामात बुडालेली असते, नात भिंगरी नावाप्रमाणे दिवसभर गरगरत असते, आणि जावई... खरं तर जावयाबद्दलच लिहायला बसले आहे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला फोनवर निम्मं ऐकू येतं, मग मला ओरडावं लागतं, आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही. इथल्या भिंतींना कान आहेत. अक्षरशः आहेत. बाहेरच्या खोलीत जावयाने सशाच्या कानांसारख्या खुंट्या लावल्या आहेत, त्यावर छत्र्या आणि दप्तर अडकवायचं.

तू म्हणशील, ताईला संशयाची खोडच आहे. असेल. पण जन्मभर मी लोकांचे कपडे शिवले. समोरचा माणूस पोट आत ओढून उभा आहे की खरंच बारीक झालाय, हे मला बघताक्षणी कळायचं. टेपला फसवता येतं, मला नाही. तर ऐक. जावई माझं माप घेताहेत.

टेप लावून नव्हे, नजरेने. मी खुर्चीत बसले की चहाचा कप तोंडाशी तसाच धरून ते माझ्या गुडघ्यांकडे बघतात. उठताना मी हात कुठे टेकवते ते बघतात. परवा स्वयंपाकघराच्या चौकटीवर मला पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. भिंगरीच्या उंचीची असेल म्हटलं, तर तिची रेघ रंगीत खडूने वेगळीच काढलेली. मी सहज शेजारी उभी राहिले. रेघ बरोबर माझ्या कोपराशी!

जावयाचा धंदा तुला ठाऊक आहेच. घरामागच्या शेडमध्ये ते फर्निचर बनवतात. फर्निचर म्हणायचं आपलं. साधी चार पायांची खुर्ची त्या माणसाच्या हातून होतच नाही. मुलांसाठी एक टेबल केलं, त्याच्या मधोमध भोक. मूल खालून डोकं वर काढतं आणि ताटाशेजारी उगवतं. पुस्तकांचं कपाट आहे, ते चाकांवरच्या सुरवंटासारखं घरभर ओढत न्यायचं. मोठ्यांसाठीही असले उद्योग चालूच असतात. एका बाकाला त्यांनी रुसव्याचं बाक असं नाव दिलंय. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. एक जण न सांगता उठला की दुसरा कलंडतो, म्हणून उठायच्या आधी बोलावंच लागतं. माझ्या लेकीने आणि त्यांनी ते आधी घरात वापरून पाहिलं म्हणे. दोघंही आपटली.

माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण बोलत नाही गं. खाली मुंडी, पाताळ धुंडी. ताकास तूर लागू देत नाहीत. आणि घरात वस्तू मला न विचारता हलायला लागल्या आहेत. माझी खुर्ची 'जरा खिळखिळी झालीय' म्हणून शेडमध्ये नेली. परत आली तेव्हा माझे पाय जमिनीला आधीसारखे टेकेनात. पाय उंच केले आहेत, बोटभर का होईना. विचारलं तर म्हणाले, "तीच आहे की हो, आई." माझ्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला लाकडी वेल बसवलाय, त्यावर चढणाऱ्या खारी. भिंगरीसाठी, म्हणे. भिंगरी त्या खारींकडे ढुंकूनही बघत नाही.

मला वाटतं, माझ्या खोलीचं काहीतरी चाललंय. मागच्या आठवड्यात दोन अनोळखी माणसं येऊन जावयांबरोबर माझ्या दारात उभी राहिली, आत डोकावली, आणि मला बघून "नंतर येतो" म्हणाली. नंतर म्हणजे कधी? मी कुठे जाणार आहे नंतर?

हे सगळं साधारण महिन्याभरापूर्वी सुरू झालं. त्या सुमारास एकदा लेक आणि जावई दोघंही बाहेर होती, आणि मी नि भिंगरी माझ्या खोलीत जमिनीवर बसून दुपारभर घर-घर खेळलो होतो. फार मजा आली. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आपलं आठवलं म्हणून लिहिलं.

लेकीला यातलं काही लिहू नकोस.

तुझी,
ताई

*

दि. २१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. माझ्या मनात पाल चुकचुकत होती ती उगाच नव्हती.

आज सकाळी लेक ऑफिसला, भिंगरी शाळेत. मी वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेले. शेडचं दार अर्धवट उघडं होतं आणि जावई फोनवर बोलत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही. म्हणजे थांबले, पण कपडे हातात होते.

ते म्हणाले, आणि मी शब्द न् शब्द लिहिते आहे, "त्यांना उठवायचं कसं, हाच मोठा प्रश्न आहे. नाही नाही, झटका नको. हळूच. त्यांना वाटलं पाहिजे की आपण आपल्या आपणच उठलो." मग पलीकडचं काहीतरी ऐकलं आणि हसले. "हो, म्हातारी महाखट आहे, तिला संशय आला तर बसणारच नाही." आणि शेवटी, "बायकोला अजून सांगितलेलं नाही."

झालं? म्हातारी म्हणजे कोण? या घरात दुसरी म्हातारी नाही. मला माझ्या खोलीतून उठवायचं, तेही अशा बेताने की मला वाटावं मीच निघाले. आणि माझ्या पोटच्या मुलीला पत्ता नाही!

मी कपडे घेऊन आत आले. घड्या घातल्या. एकेक घडी कडेला कड लावून घातली. दुपारी जावई जेवायला आले, मी वाढलं. "आई, तुम्ही नाही बसत?" म्हणाले. मी म्हटलं, "मी उभीच बरी." त्यांनी पुन्हा माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

आपण लहानपणी ठरवलं होतं ना, म्हातारपणी एका घरात राहायचं आणि कुणालाही आत घ्यायचं नाही? ते आता खरं करू या. मला तुझ्या मधल्या खोलीतला एक कोपरा पुरेल. माझा त्रास होणार नाही. माझं मी सगळं करते. उलट टपाली कळव. तुझं 'ये' आलं की मी निघते. कुणी उठवण्याआधी आपण उठलेलं बरं.

हे पत्र फाडून टाक.

ताई

*

दि. १७ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

मधल्या काळात मी लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. तुझं उत्तर आलंय. त्याच्याकडे शेवटी येते. आधी इथलं सांगते, पण त्याआधी तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलं कसलं, लपवलं होतं.

ती दुपार. घर-घर खेळण्याची. मजा वगैरे काही नव्हती. भिंगरीने हट्ट धरला म्हणून मी खाली बसले, आणि खेळ संपल्यावर मला उठताच येईना. पडले नाही, लागलं नाही, दुखलंसुद्धा नाही. नुसते गुडघे माझे राहिले नव्हते. एखाद्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्याने मान वळवू नये, तसं. भिंगरीने हात धरून ओढलं. मग मागून ढकललं. मग स्टूल आणलं, ते माझ्या वजनाने सरकलं. पोरीने दोरीही आणली आणि माझ्या कमरेला बांधून पलंगाला गाठ मारली. आम्ही हसत होतो. आधी खरंच हसत होतो.

फोन पलंगावर होता. भिंगरी म्हणाली, "आईला सांगू?" मी नको म्हटलं. का नको म्हटलं असेन? या घरात येताना मी लेकीला सांगितलं होतं की मी तुझ्यावर भार होणार नाही, अजून चार माणसांचं काम करीन.

मग मला न्हाणीघरात जायची घाई झाली. पुढचं तू समजून घे. लिहिताना आत्ताही कान तापले आहेत. भिंगरी उठली. जाऊन तिचा आंघोळीचा टॉवेल घेऊन आली, फुलांचा, तिचा आवडता, आणि माझ्या मांडीवर टाकला. मग म्हणाली, "आपण असं खेळू या की ही नदी आहे." शेवटी मी बसल्या बसल्या सरकत पलंगापर्यंत गेले आणि चादर धरून कशीबशी वर आले. सगळं धुतलं, पुसलं. आणि पाच वर्षांच्या पोरीकडून वचन घेतलं की कुणाला सांगायचं नाही.

हे मला तुला तोंडाने कधी सांगता आलं नसतं.

आता पुढचं. तुला दुसरं पत्र टाकलं त्यानंतर मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली आणि तुझ्या उत्तराची वाट बघू लागले. दिवस गेले, उत्तर येईना. इकडे जावई शेडमधून बाहेरच पडेनात. जेवणही तिकडेच. एके दिवशी मला सहनच होईना. मनात म्हटलं, उत्तर येवो न येवो, जाताना चोरासारखं का जायचं? तोंडावर सांगून जाऊ. दुपारची वेळ होती. बॅग काढली, हातात घेतली आणि थेट शेडमध्ये शिरले.

"मी निघाले," म्हटलं. "मला उठवायचे कष्ट घेऊ नका. माझी मी उठले आहे."

जावई भुश्शाने माखलेले. हातात पॉलिश पेपर. माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. त्यांच्यामागे चादरीखाली काहीतरी भलंमोठं होतं. मी म्हटलं, "ते काय लपवलंय?"

"ते अजून पुरं झालेलं नाही, आई."

"काढा चादर."

काढली. धाकटे, ते बदक होतं. पिवळंधमक, पाटाइतकी रुंद पाठ, दोन्ही बाजूंना पंख, आणि मागे होडीच्या वल्ह्यासारखं लांबलचक शेपूट. चेहऱ्यावर असा भाव, की जणू त्यालाही माझा राग आलाय.

"हे कुणासाठी?"

त्यांनी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, "तुमच्यासाठी."

"मी बदकावर बसू? या वयात? लोकांना हसायला एक म्हातारी कमी पडली का?"

"पंखांवर हात टेकता येतात," ते हळूच म्हणाले. "कोपराच्या उंचीवर आहेत."

खरं सांगते, मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण पाय भरून आले होते. बॅग हातात धरून उभं राहण्याची माझी कुवत संपली होती. ते जावयाला दिसू नये म्हणून मी तोऱ्यात म्हटलं, "बघू तरी काय दिवे लावलेत," आणि बसले. बसल्यावर लक्षात आलं, आता उठायचं कसं? ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण जावई एकदम म्हणाले, "थांबा, हात देऊ नका म्हणाल तर देत नाही. भिंगरी येईलच इतक्यात."

आम्ही दोघं तसेच. मी बदकावर, ते खोक्यावर. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या नखांत अडकलेला पिवळा रंग बघत बसले.

शाळेची गाडी आली. भिंगरी दप्तरासकट शेडमध्ये आली, मला बदकावर बसलेलं बघून किंचाळली आणि पळत येऊन मागच्या शेपटावर चढली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. शेपूट दिसलं की मूल चढणारच, हे जावयांना ठाऊक होतं. ती चढली तसं शेपूट खाली गेलं आणि माझ्याखालची बदकाची पाठ मागच्या बाजूने वर यायला लागली. अलगद, कुणी कमरेला धरून उचलावं तशी. मग भिंगरीने शेपटावरच उडी मारली. अलगदपणा संपला. मी थेट जावयांच्या अंगावर! दोघंही भुश्शात. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, जावयाला मी पहिल्यांदा मिठी मारली ती अशी.

पण मी हसले नाही. मी भिंगरीकडे वळून म्हटलं, "तू सांगितलंस. वचन दिलं होतंस ना?"

पोरीचा चेहरा असा उतरला, की ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "मी नाही सांगितलं, आजी! मी कुणालाच नाही सांगितलं!" आणि भोकाड पसरलं.

तेव्हा जावई बोलले. आमच्या घरात इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "तिने खरंच सांगितलं नाही. ती तिच्या कापडी अस्वलाशी खेळत होती. अस्वल जमिनीवर, त्याच्या पोटाला दोरी, आणि ही म्हणत होती, 'उठ ना, उठ ना, मी कुणाला नाही सांगणार.' टॉवेल वाळत पडलेला आदल्या दिवशी बघितला होता. मी काही विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नव्हतंत, म्हणजे सांगायचं नसेल."

"आणि फोनवर? म्हातारीला उठवायचं?"

ते आधी समजलेच नाहीत. मग समजलं तसे कानापर्यंत लाल झाले. फोन बिजागऱ्या बनवणाऱ्याला होता. पाठ एकदम वर येऊ नये म्हणून त्याच्याकडून काही करून हवं होतं. दारात उभी राहिलेली दोन माणसं म्हणजे तो आणि त्याचा भाऊ. मी कुठे कशी बसते ते बघायला आले होते. "महाखट म्हणालो ते मात्र खरं," जावई म्हणाले. "त्याची माफी मागतो." मी म्हटलं, "मागू नका. ते तेवढं एकच खरं होतं."

भिंगरीला मांडीवर घ्यायला मला पुन्हा बदकावरच बसावं लागलं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. मीच सांगितलं, जावयांना सांगू दिलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल. ती चिडली. "घरातल्या सगळ्यांना माहीत, पाच वर्षांच्या पोरीला माहीत, आणि मला नाही?" म्हणाली. जावयांशी तर दोन दिवस अबोला. शेवटी त्याच रुसव्याच्या बाकावर बसली दोघं, आणि मी स्वयंपाकघरातून दोघांनाही एकदम "उठायचं का?" म्हणताना ऐकलं. मला डॉक्टरकडे नेलं. गुडघ्यांची झीज आहे, औषध आहे, व्यायाम आहे. परत पहिल्यासारखं होणार नाही, तेही त्याने तोंडावर सांगितलं. बरं झालं. गोड बोलणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास बसत नाही.

संशय गेला असं समजू नकोस हं. बदक फर्निचरच्या प्रदर्शनात मांडायचा जावयांचा विचार आहे की काय, असं मला वाटत होतं. विचारलंच. म्हणाले, नाही. हे तुमच्या मापाचं आहे, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नाही. मी अजून बघते आहे.

परवा मी त्यांना म्हटलं, "भिंगरी वाढेल, जड होईल. मग ती चढली की मी छताला लागेन." ते म्हणाले, "ती वाढेल तसं शेपूट कापत जाऊ." मी म्हटलं, "आणि मी हलकी होत जाईन तेव्हा?" ते बराच वेळ रंधा पुसत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाही कापू, आई."

माणूस बोलत नाही हे एका अर्थी बरंच आहे.

आता तुझं पत्र. मी 'येऊ का' विचारलं आणि तू लिहितेस की घरात रंगकाम काढलंय, या महिन्यात नको. तुझ्या घराला गेल्याच वर्षी रंग दिला. मला रंगाचे नमुने तूच पाठवले होतेस. आणि ते अक्षर तुझं नाही. तुझ्या सुनेचं आहे, सरळ रेषेतलं, एकही खाडाखोड नसलेलं. आयुष्यात तू एक ओळ खोडल्याशिवाय लिहिली नाहीस. खालची सहीसुद्धा तिनेच केली आहे. वर मायना 'तीर्थरूप ताईंस साष्टांग नमस्कार'! तू मला साष्टांग नमस्कार घालशील? माझ्या वेण्या कापणारी तू?

तुझ्या हाताला काय झालंय?

सुनेला बोलू नकोस. ती तू सांगितलंस तेवढंच लिहिते आहे, हे मला कळतं. तू वचन घेतलं असशील. मीही घेतलं होतं, एका लहान मुलीकडून, आणि ते ओझं घेऊन पोर दीड-दोन महिने अस्वलाशी बोलत बसली.

मी रविवारी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. लेक आणि जावई गाडीने सोडायला येताहेत. भिंगरीही येईल. तू दार उघडायला उठू नकोस. उठता येत नसेल तर तसं म्हण, येत असेल तरीही उठू नकोस. आम्ही आत येऊ, तुझ्यासमोर बसू, आणि तू मला खरं काय ते सांगशील. घाबरू नकोस. मला जे सांगताना लाज वाटली ते मी वर शाईने लिहून दिलं आहे. आता तुझ्याकडे त्याहून मोठं लपवायला काही असेल असं मला वाटत नाही.

आणि असलं, तर तेही चालेल.

तुझ्या एका शब्दावरही विश्वास न ठेवणारी, तुझीच,
ताई